डोक्यात शंट आहे आणि ताप आलाय: घरच्यांनी काय करायचं

डोक्यात साठलेलं पाणी बाहेर काढायला बसवलेली नळी म्हणजे शंट. शंट असलेल्या माणसाला ताप आला, तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ही राहू दे.

मी नाशिकमध्ये न्यूरोच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करते. सुरगाणा, पेठ, कळवण, सिन्नर, मालेगाव अशा सगळ्या बाजूंनी पेशंट येतात आणि कितीतरी जणांच्या पिशवीत अर्धी संपलेली सिरपची बाटली असते. ताप दोन दिवस उतरला, परत चढला, मग डॉक्टर बदलले, औषध बदललं. तोवर आठवडा गेलेला असतो. आईवडिलांनी काळजी घेतलेली नसते असं अजिबात नाही. उलट त्यांनी धावपळच केलेली असते, पण कुठे धावायचं ते डिस्चार्जच्या वेळी कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते इथे सांगते.

नळी कशाला असते आणि तिथे जंतू कसे पोचतात

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये सतत पाणी तयार होत असतं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिली. एका वेळी मात्र डोक्यात आणि मणक्यात मिळून १५० मिलीच्या आसपास पाणी असतं, बाकीचं रक्तात शोषलं जातं. ही वाट अडली की डोक्यात पाणी साठतं. कुणाला जन्मतः, कुणाला पाठीवरच्या गाठीसोबत, कुणाला मेंदूच्या टीबीनंतर, रक्तस्राव किंवा ट्यूमरमुळे. मग सर्जन सिलिकॉनची बारीक नळी टाकतात. ती मेंदूच्या पोकळीतून निघते, कानामागे वाल्वला (पाण्याचा प्रवाह सांभाळणाऱ्या छोट्या झडपेला) जोडलेली असते आणि मान-छातीवरून कातडीखालून पोटात उतरते. हाच शंट. दुसरा प्रकार बाहेरच्या पिशवीचा. नळी डोक्यातून थेट बाहेर येऊन पिशवीला जोडलेली असते. ती तात्पुरती असते आणि रुग्णालयातच राहते. तिला ईव्हीडी म्हणतात.

शंटमध्ये सापडणारे बहुतेक जंतू आपल्याच कातडीवरचे असतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा त्यातला नेहमीचा. कातडीवर तो निरुपद्रवी असतो, पण ऑपरेशनच्या वेळी नळीला चिकटला तर आत वाढतो. म्हणूनच बहुतेक संसर्ग ऑपरेशननंतरच्या पहिल्या ६ महिन्यांत दिसतात, त्यातही पहिल्या २-३ महिन्यांत जास्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना धोका अधिक. ऑपरेशन थिएटरमध्ये कितीही काळजी घेतली तरी काही टक्के पेशंटमध्ये हे होतंच.

हे मी मुद्दाम सांगते, कारण वॉर्डात एक वाक्य फार ऐकू येतं: "हिनेच बाळाला उघडं ठेवलं." शंटचा संसर्ग उघड्यावर ठेवल्याने, थंड पाण्याने, दुधामुळे किंवा दृष्ट लागल्याने होत नाही. आईला दोष देऊ नका. आणि शंटच्या संसर्गाने होणारा हा मेंदूज्वर घरातल्या दुसऱ्या मुलाला लागत नाही, त्यामुळे भावंडांना मामाकडे पाठवायची गरज नाही.

बाळाला पेंटा आणि पीसीव्हीच्या लसी दिल्या आहेत, मग हे कसं झालं, असंही विचारतात. त्या लसी वेगळ्या जंतूंपासून वाचवतात आणि त्या द्यायलाच हव्यात. शंटवर बसणाऱ्या कातडीच्या जंतूंवर मात्र लस नाही.

आजच करून ठेवायची तयारी

सगळं बरं चाललेलं असताना एक फाईल बनवा. त्यात डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स, शंटच्या पाकिटावरचं स्टिकर (त्यावर कंपनी आणि वाल्वचा प्रकार असतो) आणि पेशंट ठणठणीत असतानाचा सीटी स्कॅन ठेवा. हा शेवटचा फार मोलाचा. पुढे कधी डोकं दुखलं तर नवा स्कॅन याच्याशी ताडून बघतात. एकट्या नव्या स्कॅनवरून पोकळ्या वाढल्यात की आधीपासून तशाच आहेत, हे नेहमी कळत नाही. स्कॅनची सीडी घराच्या माळ्यावर राहते, म्हणून रिपोर्टचे आणि फिल्मचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

दुसरं, कुठे जायचं ते आधी ठरवा. पहिली पसंती जिथे शंट टाकला ते रुग्णालय. मुंबईत केईएमला, सायनला किंवा वाडियाला ऑपरेशन झालं असेल, तर नाशिकमधलं न्यूरोसर्जन असलेलं एक ठिकाण आताच भेटून ठरवा. गुंगीतला पेशंट घेऊन कसारा घाट उतरण्यापेक्षा आधी इथे स्थिर करून घेणं बरं. जिल्हा रुग्णालय असो, आडगावचं मेडिकल कॉलेज असो की मुंबई नाक्याजवळचं खासगी रुग्णालय, निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा: "आज न्यूरोसर्जन आहेत का? शंटचा पेशंट आहे, ताप आहे." नाही म्हणाले तर तिथे केसपेपर काढण्यात तासभर घालवू नका.

पेठ-सुरगाण्याकडच्यांनी पावसाळ्यातल्या घाटाचा वेळ धरून चालावं. २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, द्वारका, त्र्यंबक रस्ता बंद किंवा तुंबलेला असणार. त्या तारखांना शंटच्या बाळाचा ताप "उद्या बघू" म्हणून ठेवू नका, आणि १०८ ला फोन करताना शंट आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

काय दिसलं की निघायचं

मेंदूज्वर म्हटलं की मान आखडणं आठवतं. शंटच्या संसर्गात ती बऱ्याचदा आखडतच नाही. कधी तापही अगदी बारीक असतो, कधी नसतोही. म्हणून एकाच खुणेची वाट पाहू नका.

तान्ह्या बाळात टाळू बघा. बाळ शांत आणि बसतं धरलेलं असताना टाळू फुगलेली, ताठ लागते का? दूध ओढणं कमी झालंय? रडणं नेहमीपेक्षा कर्कश, उचललं की जास्त रडतं? डोळे खाली वळलेले, बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय? उलट्या होतायत? सतत झोपतंय, आणि उठवलं तरी परत डुलक्या घेतंय? मोठ्या मुलात आणि माणसात डोकेदुखी, ओकाऱ्या, चिडचिड, गुंगी, चालताना तोल जाणं, शाळेतल्या मुलाचं अचानक घसरलेलं लक्ष. आकडी आली तर थांबायचा प्रश्नच नाही.

नळीच्या वाटेवरही खुणा उमटतात. कानामागे, मानेवर, छातीवर नळीच्या रेषेत लाली, सूज, हाताला गरम लागणं. टाक्यांतून पाणी किंवा पू. पातळ पाणी असेल तर ते मेंदूतलं पाणी असू शकतं, घाम समजून पुसून टाकू नका. मी नातेवाइकांना रोज संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च जखमेच्या बाजूने आडवा धरून बघायला सांगते. समोरून प्रकाश टाकला तर सूज सपाट दिसते, आडव्या प्रकाशात तिची सावली पडते. त्याच जागेचा, त्याच अंतरावरून रोज एक फोटो घ्या. डॉक्टरांना चार दिवसांचे फोटो दाखवले की बोलणं निम्म्याने कमी होतं.

पोट विसरू नका. नळीचं खालचं टोक तिथेच असतं. पोट दुखणं, फुगणं, हाताला गोळा लागणं यामागेही शंटचा संसर्ग असू शकतो, आणि हे अपेंडिक्स किंवा जंत समजून भलत्याच वाटेला जातं. क्वचित नळी आतड्यात शिरते आणि शौचाच्या जागेतून तिचं टोक दिसतं. बघून हादरायला होतं. ती ओढू नका, कापू नका, आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून तसेच निघा.

ताप १००.४ च्या वर, शंट टाकून ६ महिने व्हायचेत, आणि सर्दी-खोकल्यासारखं दुसरं कारण स्पष्ट दिसत नाही: त्याच दिवशी न्यूरोसर्जन. घरात सगळ्यांना सर्दी-ताप आहे आणि बाळ खेळतंय, दूध पितंय, तर फोनवर विचारून थोडं थांबता येईल. पण उलटी किंवा गुंगी जोडीला आली की थांबायचं नाही. शंट टाकून वर्षं झाली असली तरी हेच.

निघताना

पॅरासिटामॉल चालेल. वजनाप्रमाणे द्या आणि किती वाजता दिलं, तेव्हा ताप किती होता, हे लिहा. ऑपरेशन लागू शकतं म्हणून निघाल्यावर खाणं-पिणं काय द्यायचं ते फोनवर विचारा आणि शेवटचं दूध किंवा जेवण कधी झालं ते ध्यानात ठेवा. डोकं थोडं वर राहील असं झोपवा. उलटी झाली तर कुशीवर वळवा. आकडीत तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, कुशीवर करून वेळ मोजा. कानामागचा वाल्व दाबून "चालतोय का" हे घरी तपासू नका. त्यातून खात्रीचं काही कळत नाही.

आता अँटिबायोटिकबद्दल. डोक्यातल्या पाण्याचा नमुना घेण्याआधी औषध पोटात गेलं तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू बहुधा वाढत नाही. जंतू कोणता ते कळलं नाही, तर त्याला नेमकं कोणतं औषध लागू पडेल तेही कळत नाही, आणि मग अंदाजाने मोठ्या औषधांचे दिवस वाढत जातात. याला एकच अपवाद. पेशंट बेशुद्ध आहे, आकड्या थांबत नाहीत, रक्तदाब खाली गेलाय आणि नाशिक लांब आहे, अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर पहिला डोस देतील तो देऊ द्या. फक्त औषधाचं नाव, डोस आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. शक्य असेल तर त्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा.

रुग्णालयात काय काय होतं

सीटी स्कॅन, नळीच्या वाटेचे एक्स-रे, रक्त, सीआरपी (संसर्गात वाढणारा रक्तातला घटक), ब्लड कल्चर, गरज वाटल्यास पोटाची सोनोग्राफी. खरा निर्णय मात्र पाण्यावर होतो. न्यूरोसर्जन कानामागची कातडी नीट स्वच्छ करून वाल्वजवळच्या छोट्या टाकीत अगदी बारीक सुई घालतात. पाणी सुईच्या नळीत आपोआप चढतं का, किती जोरात, यावरून शंट तुंबलाय का याचाही अंदाज येतो. नातेवाईक दारातून बाटली बघतात आणि म्हणतात, "पाणी तर स्वच्छ आहे." गढूळ पाणी वाईट हे खरं, पण स्वच्छ दिसलं म्हणजे जंतू नाहीत असं नाही. कातडीचे जंतू पाणी फारसं गढूळ न करताही आत बसलेले असतात.

पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के असते. जंतू असले की बहुधा उतरते. म्हणून त्याच वेळी बोटातूनही साखर तपासतात, तेव्हा "डायबेटीस नाही तर का टोचता" असं म्हणू नका. कल्चरचा पहिला निकाल दोन दिवसांत येतो, पण क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा एक जंतू फार सावकाश वाढतो. त्याच्यासाठी प्लेट १० दिवस किंवा त्याहूनही जास्त ठेवावी लागते. दोन दिवसांनी "काही आलं नाही" कळलं म्हणून डिस्चार्जचा आग्रह धरू नका. मेंदूच्या टीबीमुळे शंट टाकावा लागला असेल तर ते आवर्जून सांगा, टीबीची तपासणीही होईल. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून थांबवू नका.

पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, अपंगत्व येईल म्हणतात. योग्य पेशंटमध्ये ती सुरक्षित तपासणी आहे. शंटच्या पेशंटमध्ये ती कमी वापरतात त्याचं कारण वेगळं. वाट अडलेली असेल तर खालून पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, आणि वरच्या पोकळीतला संसर्ग पाठीतल्या पाण्यात दिसेलच असं नाही.

नळी का काढावी लागते

इथे सगळ्यात जास्त वाद होतो. एवढं मोठं ऑपरेशन करून टाकलेली नळी काढायची? औषधाने बरं करा ना! घरातल्या प्लास्टिकच्या टाकीच्या आतून हात फिरवला की जो बुळबुळीत थर लागतो, तसाच थर जंतू नळीच्या आत-बाहेर तयार करतात आणि त्याखाली लपून बसतात. सलाईनमधून दिलेलं औषध पाण्यातले जंतू मारतं, थराखालच्यांपर्यंत पुरेसं पोचत नाही. ताप उतरतो, औषध बंद होतं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून मान्य असलेली पद्धत अशी: संसर्ग झालेला पूर्ण शंट काढायचा, तात्पुरती बाहेरची पिशवी लावायची, शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं, पाणी स्वच्छ झालं की नवीन शंट टाकायचा. म्हणजे निदान दोन ऑपरेशनं. ऐकायला कठीण आहे, पण टाळाटाळ करून तिसरं आणि चौथं ओढवून घेण्यापेक्षा ही वाट बरी.

सुरुवातीला सहसा व्हँकोमायसिन आणि जोडीला सेफेपिम, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेमपैकी एक देतात. कल्चर आलं की त्याप्रमाणे बदलतात. जंतूनुसार औषध साधारण १० ते १४ दिवस चालतं, काही हट्टी जंतूंमध्ये २१ दिवसही. दाद मिळाली नाही तर औषध थेट मेंदूच्या पोकळीत देण्याची वेळ येते. व्हँकोमायसिनची सलाईन सावकाशच जायला हवी. लवकर संपावी म्हणून नातेवाईक रोलर फिरवतात, आणि पेशंट लालबुंद होऊन खाजवायला लागतो. रोलरला हात लावू नका, सिस्टरला बोलवा. या औषधात किडनीचे रिपोर्ट वारंवार का होतात, हेही आता कळेल: ते किडनीवर ताण आणू शकतं.

पिशवीशेजारी बसणाऱ्यासाठी

बाहेरच्या नळीला स्वतःला संसर्ग व्हायचा धोका असतोच, आणि ती जितके जास्त दिवस राहते तितका तो वाढतो. म्हणून तुमचं काम मोठं आहे.

पिशवीची उंची कानाच्या छिद्राच्या पातळीवरून मोजून लावलेली असते. खाली गेली तर पाणी भसाभस निघतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वर गेली तर निचरा थांबतो. पलंगाचं डोकं वर-खाली करायचं, पेशंटला बसवायचं, स्कॅनला न्यायचं, तर आधी सिस्टर नळीची चावी बंद करतील आणि नंतर पुन्हा उघडतील. तुम्ही "उशी जरा वर घेतो" म्हणून पलंगाचा दांडा फिरवू नका. जोड सुटला, पट्टी ओली झाली, पाण्याचा रंग बदलला, दोन तास थेंबही आला नाही, तर लगेच सांगा. सुटलेला जोड स्वतः जोडू नका. लहान मुलांचे हात नळीकडे जातात, रात्री जागणाऱ्याने तेवढंच सांभाळलं तरी पुष्कळ.

हात धुवा. प्रत्येक वेळी. आणि कुणीही, अगदी डॉक्टरसुद्धा, नळीला हात लावण्याआधी हात स्वच्छ करत नसतील तर सांगा. नातेवाइकांनी टोकलं म्हणून चांगल्या वॉर्डात कुणी रागावत नाही. भेटायला येणाऱ्यांची रांग लावू नका, आणि अंगारा-विभूती कपाळाला लावायचीच असेल तर पट्टीपासून दूर.

नवीन शंट टाकण्याआधी सर्जनना विचारा

अँटिबायोटिक भिनवलेली नळी मिळते का? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १,६०० हून अधिक पेशंटवर झालेल्या बेसिक्स चाचणीचा निकाल २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिल्यांदा शंट टाकलेल्यांत साध्या नळीमध्ये संसर्ग ६ टक्के, अँटिबायोटिकच्या नळीमध्ये २ टक्के, चांदी भिनवलेल्या नळीमध्ये पुन्हा ६ टक्केच. परवडत असेल तर अँटिबायोटिकची घ्यावी असं माझं मत. वाल्व मात्र छाब्रा नावाचा देशी बसवला म्हणून मन खट्टू करू नका. युगांडातल्या मुलांमध्ये त्याची महागड्या परदेशी वाल्वशी तुलना झाली, तेव्हा वर्षभरात फरक दिसला नव्हता. काही पेशंटमध्ये शंट न टाकता दुर्बिणीने आतच नवी वाट करता येते. तुमच्यात ती शक्य आहे का, हेही विचारा.

घरी आल्यावर

जखम सुकेपर्यंत डोक्यावर तेल नाही, हळद नाही, धुरी नाही. टाळू भरायची सवय असलेल्या आज्यांना हे समजावणं जड जातं, पण टाक्यांवर तेल म्हणजे जखमेला ओल. बाळाला सतत वाल्वच्याच बाजूला झोपवू नका, पातळ कातडी दाबाने फाटते. अंथरुणावरच्या वृद्धांनाही हेच लागू.

जावळाचं नीट ठरवा. वणीच्या गडावर किंवा कुलदैवताला जायचं असेल तर सर्जनना विचारून, जखम पूर्ण भरल्यावर जा, वस्तरा नको, मशीन फिरवा, आणि न्हाव्याला आधी बोट लावून वाल्वचा उंचवटा दाखवा. रामकुंडावर दशक्रियेला बसणाऱ्या मोठ्या माणसांनाही हेच सांगते. कातडीला वस्तऱ्याने कापलं आणि खाली नळी असेल, तर छोटी जखम मोठी होते. टाके ओले असताना रामकुंडात डुबकी नको. तीर्थ हातावर घ्या, डोक्यावर शिंपडू नका.

वाल्व बाहेरून सेट करता येणारा असेल, तर एमआरआयनंतर त्याची सेटिंग तपासून घ्या. दाताचं काम असेल तर डॉक्टरांना शंटबद्दल सांगा. पोटात जाणाऱ्या शंटला त्यासाठी सहसा आधी अँटिबायोटिक लागत नाही, हृदयाकडे जाणाऱ्या शंटचं वेगळं, ते न्यूरोसर्जनना विचारा. आणि नवीन शंटच्या तारखेपासून ६ महिन्यांची मोजणी पुन्हा सुरू करा, कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

खर्चाचं

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. भरती झाल्या झाल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, बिल तयार झाल्यावर नव्हे. नळी काढणं, बाहेरची पिशवी, नवीन शंट आणि मधले औषधाचे दिवस, यातलं काय काय मंजूर होईल ते एकेक करून विचारा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. फाईलमध्ये रेशन कार्ड आणि आधारच्या प्रती आधीच लावून ठेवा. बाळाचं नाव रेशन कार्डावर चढलेलं नसेल, तर जन्मदाखला आणि आईवडिलांसोबतचा बाळाचा फोटो त्याच फाईलमध्ये ठेवा.